डॉलरचा भाव छापता, काजू बीचाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीने पहिल्यांदा ७०० अब्ज डॉलरचा आकडा ओलांडला, तेव्हा तुमच्या अंकात पहिल्या पानावर चौकट होती. तो अंक माझ्याकडे आहे. जपून ठेवला म्हणून नव्हे, काजूगराच्या ट्रेखाली घातला होता म्हणून राहिला. तेव्हापासून दर शनिवारी मी ती बातमी शोधते. रिझर्व्ह बँक शुक्रवारी आकडा देते, तुम्ही शनिवारी छापता. घरात यावरून माझी चेष्टा होते. मुलगा विचारतो, "आई, त्यात तुझे किती?"

आमच्या घरात गंगाजळी म्हणजे देव्हाऱ्यातला तांब्याचा छोटा गडू. सासूबाईंनी काशीहून आणलेला, तोंडाशी झाळून बंद केलेला. तो फोडायचा नसतो. माणूस शेवटच्या घोटाला आला की फोडतात. देशाची गंगाजळीही खर्चायला नसते, अडल्या वेळेला असते, एवढं मला त्या गडूमुळे चटकन कळलं. अकरा महिन्यांची आयात भागेल इतकी ती आहे असं तुम्हीच छापलं होतं. चांगलं आहे. माझं म्हणणं त्यापुढचं आहे.

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात माझा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक कुकर, सहा कटर, एक ड्रायर आणि नऊ बायका. दहावी मी. शिवाय घरची अडीच एकर कलमं आहेत, बहुतेक वेंगुर्ला-४ जातीची, खालच्या कोपऱ्यात थोडी वेंगुर्ला-७. म्हणजे मी बागायतदारही आहे आणि कारखानदारही. सकाळी बागेत असते तेव्हा बीचा, म्हणजे टरफलासकट कच्च्या काजूचा, दर वाढावा असं वाटतं, दुपारी शेडमध्ये आले की उतरावा असं. नवरा म्हणतो, "तुका नेमका व्हया तरी काय?" या पत्रात मला तेच नीट सांगायचं आहे.

बी फेब्रुवारीच्या अखेरीला पडू लागते, शिमग्यानंतर जोर धरते आणि मे संपता संपता आटोपते. कारखाना वर्षभर चालवायचा तर वर्षाची बी या दहा-बारा आठवड्यांत घेऊन, उन्हात सुकवून, पोत्यांत भरून ठेवावी लागते. माझ्या शेडला वर्षाला वीस टन लागते. किलोला दीडशे रुपयांनी धरली तरी तीस लाख झाले. बँकेने मला कर्जाची मर्यादा दिली आहे आठ लाखांची, आणि तिचं नूतनीकरण गेल्या वर्षी हातात पडलं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर पहिल्या पडीची, भरलेली, खणखणीत बी घाट चढून गेली होती. बँकेचे आठ लाख, थोडे घरचे आणि घरची बी असं धरून मी नऊ टन जमवते. बाकीची ऑगस्टनंतर व्यापाऱ्याकडून, तो सांगेल त्या दराने. गेल्या मार्चमध्ये माझ्याच वाडीतून १४५ ने गेलेली बी मी सप्टेंबरमध्ये १७२ ने परत विकत घेतली. पोतं सोडताना सुतळीची गाठ ओळखीची वाटली. माझ्या दिरांच्या हातची होती ती. ते डावरे आहेत, त्यांची गाठ उलटी पडते.

देशाकडे अकरा महिन्यांची सोय, माझ्याकडे जून उजाडताना पाच महिन्यांची. दसऱ्यानंतर मी कोणाच्या जिवावर शेड चालवते, ते त्या गाठीने सांगितलं.

आता बाजूच्या खळ्यात चला. शेजारच्या म्हाताऱ्या काकींची चाळीसेक कलमं आहेत. व्यापारी टेम्पो घेऊन येतो, पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर बी काढतो आणि सारवलेल्या जमिनीवर ओतून त्यातल्या दहा बिया अडकित्त्याने कापतो. पांढरा गर दिसला की काही बोलत नाही. एखादी पोचट, एखादी काळी निघाली की बोटाने पुढे ढकलतो. "धातली दोन काळी. इस टक्के माल गेलो गे काकी." हिशेब बिनचूक आहे, दहात दोन म्हणजे वीस टक्केच. फक्त दहा बिया पोत्याच्या कुठल्या थरातून काढायच्या ते त्याच्या हाताला ठाऊक असतं. मी स्वतः बी विकत घेणारी आहे, मीही असाच हात घालते, म्हणून सांगते.

२०२५ च्या मे महिन्यात वीस तारखेच्या सुमारासच पाऊस सुरू झाला आणि २५ तारखेला मोसमी पाऊस देवगडला पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. काकींच्या खळ्यात तेव्हा तीन पोती बी पसरलेली होती. भिजलेली बी दोन दिवसांत काळवंडते, आत बुरशी धरते. आदल्या दिवशी व्यापारी १४५ म्हणाला होता, त्या दिवशी १२०. काकी म्हणाल्या, "काल तर एकशे पंचेचाळीस बोललंस." तो म्हणाला, "ता काल. आज वरसून फोन इलो." भिजलेल्या तीन पोत्यांचा दर उतरला हे समजू शकते. पण त्या दिवशी गावातल्या सगळ्या बीचा दर उतरला, माळ्यावर सुकी ठेवलेलीचासुद्धा. आमच्याकडे दर उतरतो तो एका रात्रीत. चढायचा असेल तर गणपती उजाडतात, तोवर बी शेतकऱ्याच्या घरात राहिलेली नसते.

हा वरून येणारा फोन कुठून येतो याचा मी पुष्कळ शोध घेतला. निदान दिशा सापडली. आपल्या देशातले मोठे कारखाने आफ्रिकेच्या बीवर चालतात. ती जहाजाने मंगळूर, तुतीकोरिनसारख्या बंदरांत येते आणि तिचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. १९५५ साली काजूच्या निर्यातीसाठी खास परिषद स्थापन झाली, तेव्हा काजू हा डॉलर आणणारा माल होता. आता जगात सगळ्यात जास्त काजू आपणच खातो, काजूगराच्या निर्यातीत व्हिएतनामने २००६ मध्ये आपल्याला मागे टाकलं, आणि निर्यातीतून मिळतात त्याहून जास्त डॉलर बीच्या आयातीत जातात. तेव्हा मुलाच्या प्रश्नाचं उत्तर: त्या गंगाजळीत माझे शून्य. माझ्या धंद्याचे तर वजा. आमच्या वाडीतला एकजण जहाजावर आहे, दोघे कुवेतला आहेत, त्यांचे मात्र त्यात आहेत. परदेशात राबणाऱ्यांनी २०२४ मध्ये भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले, दुसऱ्या कुठल्याही देशाला एवढे येत नाहीत. कोकणाला हे नवं नाही. पूर्वी मुंबईची मनीऑर्डर होती, आता कुवेतची ट्रान्स्फर आहे.

रुपया घसरला की आफ्रिकेची बी महाग पडते. मग कारखानदाराने कोकणातल्या बीला चार पैसे जास्त द्यायला हवेत, म्हणजे बागायतदाराचं भलं. रुपया फार घसरू नये म्हणून रिझर्व्ह बँक गंगाजळीतले डॉलर विकते, तेव्हा आयातीची बी तेवढी महाग होत नाही, म्हणजे कारखानदाराचं भलं. हे पुस्तकातलं झालं. माझ्या वहीत असं दिसतं: २०२२ च्या मार्चमध्ये मी बी १२५ ने घेतली, २०२४ च्या मार्चमध्ये १०८ ने. मधल्या काळात डॉलर पंचाहत्तरच्या आसपास होता तो त्र्याऐंशीवर गेला. म्हणजे उलटंच झालं! त्या काळात जगातच बी स्वस्त झाली होती हे मला मान्य आहे. पण दादरच्या दुकानातला काजू स्वस्त झाल्याचं माझ्या बहिणीने तरी मला सांगितलं नाही. गेल्या डिसेंबरात रुपया नव्वदीपार गेला. आता पडेल त्या बीला त्याचा काही वास लागतो का ते मार्चमध्ये कळेल.

आमच्या शेडमधली एक बाई कटरवर पंधरा वर्षं आहे. उजव्या पायाने पेडल, डाव्या हाताने बी पात्यांमध्ये धरायची, उजव्याने दांडा ओढायचा. टरफलातलं तेल उडतं, कातडी जाळतं, म्हणून हाताला खोबरेल चोळून वर राख लावतात, तरी बोटांची टोकं काळी ती काळीच. हळदीकुंकवाला ती हात पदराखाली ठेवते. तिने मला विचारलं, "डॉलर वाडलो म्हणतत, मगे आमची मजुरी कित्याक वाडत नाय?" मी किलोमागे दोन रुपये वाढवले. तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही.

चार किलो बीतून मला एक किलो काजूगर मिळतो. १५० ने बीचे सहाशे, त्यावर मजुरी, लाकूड, वीज, डबे मिळून शंभर. पांढरे अख्खे, पाकळी, तुकडा सगळं मिळून सरासरी साडेसातशे-सातशे साठ सुटतात. राहिले पन्नास-साठ, त्यातून व्याज. बी १७२ ने घेतली की किलोला अठ्ठ्याऐंशी रुपये जास्त लागतात, म्हणजे मी दिवाळीचा माल तोट्यात विकते. बंद का ठेवत नाही? नऊ बायकांना चार-पाच महिने घरी बसवलं तर शिमग्यानंतर त्यातल्या चारही परत येणार नाहीत.

आयात शुल्काचा वाद अधूनमधून पेटतो. कच्च्या बीवर २०१६ च्या अर्थसंकल्पात पाच टक्के शुल्क लागलं, २०१८ मध्ये ते अडीचवर आलं. बागायतदार म्हणतात वाढवा, कारखानदार म्हणतात काढून टाका. शिवाय अतिगरीब देशांच्या बीला सवलत आहे, त्यामुळे अनेक आफ्रिकी देशांतून ती शुल्काशिवाय येते. मी दोन्हीकडची असल्याने या वादात पडत नाही. १५० रुपयांवर अडीच टक्के म्हणजे पावणेचार रुपये. अडकित्ता धरलेला हात त्याहून जास्त खातो.

जगात सगळ्यात जास्त बी पिकते ती आयव्हरी कोस्टमध्ये. आमच्यासारखेच लोक असणार, असं मला नेहमी वाटत आलं आहे. तिथलं सरकार हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याला मिळायचा किमान भाव जाहीर करतं. २०२४ ला किलोला २७५ सीएफए फ्रँक (तिथलं चलन) होता, २०२५ ला ४२५, म्हणजे आपले साठेक रुपये. तो फ्रँक युरोला बांधलेला आहे. आणि त्या भागातल्या आठ देशांना आपल्या परकीय गंगाजळीतला निम्मा हिस्सा फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावा लागत असे. ती अट काढायचा करार झाला २०१९ च्या डिसेंबरमध्ये! एवढी बी पिकवून गडू दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात. हे वाचल्यावर माझा त्यांच्यावरचा राग गेला. आमच्या काकींच्या खळ्यात दर पाडायला ती माणसं येत नाहीत.

मला आठवतं ते १९९१. माझं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना नुकतीच आली होती. अनुदान शंभर टक्के, पण हप्त्याहप्त्याने, झाडं जगतील तसं. खड्डे मारणाऱ्या गड्यांना मात्र शनिवारी रोख लागत असे. सासूबाईंनी पाटल्या काढून सराफाकडे ठेवल्या. त्याच उन्हाळ्यात सासरे पेपर वाचून म्हणाले, "देशाचापण सोना गहाण पडला." तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत वीस टन सोनं स्वित्झर्लंडला गेलं, जुलैत आणखी ४७ टन इंग्लंडच्या बँकेकडे. लोक हळहळले. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. जिन्नस ठेवून पैसे घेतले, वेळ भागली, जिन्नस सोडवला. त्यांनीही पाटल्या १९९६ ला सोडवल्या, कलमांच्याच पैशांवर. आज मी ज्या बीबद्दल रडते आहे, ती त्या पाटल्यांची आहे.

तारणाची ही सोय बीलाही आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासूनच चालू आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी कर्ज घ्या, दर चढला की विका. काजू बी त्यात आहे. पण तिला एक वेगळी मर्यादा आहे, किलोला जास्तीत जास्त १०० रुपये. दर १५० असताना पंचाहत्तर टक्क्यांचे साधारण एकशे बारा होतात, हातात येतात शंभर. बारा रुपये म्हणजे किरकोळ वाटतील, एका टनाला ते बारा हजार होतात. आणि त्याआधी गोदाम हवं. आमच्या पावसाळ्यात बी ठेवायची तर जमिनीपासून वीतभर वर फळ्या, कोरड्या भिंती आणि वारा खेळता हवा, नाहीतर ऑगस्टमध्ये पोतं उघडल्यावर नुसता धुरळा निघतो. मी जिथे चौकशीला गेले तिथे गोदाम होतं. त्यात निवडणुकीच्या मतपेट्यांची जुनी लाकडी खोकी आणि एक नादुरुस्त पंप ठेवलेला होता. साहेब चांगले होते, चहा दिला.

२०२४ च्या हंगामासाठी सरकारने किलोला दहा रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे २,००० किलोपर्यंत. शेजारी गोव्यात तेव्हा १५० चा आधारभाव होता. दहा रुपयांना मी नावं ठेवणार नाही, ज्यांना मिळाले त्यांना मिळाले. आमच्या काकींना मिळाले नाहीत, कारण विक्रीची पक्की पावती लागत होती आणि त्यांच्याकडे होता कालनिर्णयाच्या पानाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने वजन. व्यापाऱ्याने सही मात्र झोकात केली होती.

सरकारकडे मला अनुदान मागायचं नाही. तारणाची शंभराची मर्यादा काढावी किंवा चालू दराशी जोडावी, तालुक्यात एक तरी कोरडं गोदाम हंगामापुरतं मोकळं करावं आणि माझ्यासारख्या शेडची बँकेची मर्यादा फेब्रुवारीत मंजूर व्हावी, एवढंच. एप्रिलमध्ये मिळालेला पैसा लग्न झाल्यावर आलेल्या बँडसारखा.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या अंकात रोज सोन्याचा भाव असतो, डॉलरचा, शेअर बाजाराचा असतो. वाशीच्या बाजारातल्या हापूसच्या पेटीचा हंगामात असतो. ज्या जिल्ह्यात घराघरांत काजू आहे, तिथल्या अंकात काजू बीचा भाव एक दिवसही नसतो. १ मार्चपासून ३१ मेपर्यंत तेवढी एक ओळ छापा: वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग, आणि त्याच ओळीत मंगळूर बंदरातल्या आफ्रिकी बीचा. जमलं तर शेजारी डॉलरचा दरही, तो तसाही तुमच्याकडे असतो. काकींना वाचता येतं. वरून फोन आला म्हणणाऱ्याच्या पुढे त्या पेपर धरतील.

वेंगुर्ल्याचा दर मी रोज संध्याकाळी सात वाजता तुमच्या कार्यालयात फोन करून कळवीन, मी स्वतः ज्या दराने घेतली असेल तोही लपवणार नाही. माझं नाव मात्र छापू नका. सप्टेंबरमध्ये मला त्याच व्यापाऱ्याकडून बी घ्यायची आहे.

आपली,
एक काजू कारखानदारीण
(ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग)